बाळासाठी कोण उभं राहणार?

भाचीने ते वाक्य ताटं उचलता उचलता इतकं सहज टाकलं, की ते कुठे जाऊन पडलं हे कळायलाच सगळ्यांना वेळ लागला.

"उद्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मामा उभा राहील."

दादाने हात पुसत मान डोलावली. "राहीन की. कोट इस्त्रीला टाकलाय मी. तुझ्या बाप्तिस्म्याला घातला होता तोच. अजून होतो मला."

"पोट आत घेतलं तर," वहिनी म्हणाली.

"मोठा मामा नाही गं," भाची म्हणाली. "मामा."

आता मात्र सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दाराजवळच्या स्टुलावर दादाचा धाकटा भाऊ बारक्या बसला होता. ताईच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, घरात चार चांगल्या खुर्च्या होत्या, पण गेल्या सोळा वर्षांत तो त्यातल्या एकीवरही कधी टेकला नव्हता. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "इथंच बरंय." त्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो त्याने जपून जमिनीवर ठेवला, जणू काचेचा आवाज झाला तरी कुणी रागावेल.

"काय बोलतेयस तू?" दादा म्हणाला. शाळेत मुख्याध्यापक म्हणून काढलेली सगळी वर्षं त्या तीन शब्दांत उतरली होती. निवृत्त झाल्यापासून तो चर्चच्या मंडळीच्या पंचकमिटीचा चिटणीस होता आणि घरातही चिटणीसच होता. "तुला कळतंय का, उद्या कोण कोण येणारंय?"

"कळतंय."

"तुझे थोरले काका येणारेत. तुझ्या लग्नालासुद्धा आले नव्हते, कारण हा असणार होता. आणि आता बाळाला हा धरणार?"

जावई खिडकीपाशी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत उभा होता. तो जरा ओशाळून म्हणाला, "काकांना बोलवायला मीच गेलो होतो. हे मात्र सांगितलं नाही त्यांना."

"बघा!" दादा म्हणाला.

बारक्याला हे सगळं लांबून, पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकू येत होतं. एकवीस वर्षांपूर्वी तो आणि भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, दोघं मिळून लिफ्ट दुरुस्तीची कामं करायचे. काम भाऊजींनीच त्याला शिकवलं होतं. एका सकाळी भाऊजी लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करत होते आणि बारक्या वर मोटारीच्या खोलीत होता. खाली माणूस असेल तर स्विच टाकण्याआधी हाक मारायची, हा नियम. आदल्या दिवशीची दारू त्याच्या अंगातून उतरली नव्हती. त्याने हाक मारली नाही. स्विच टाकला. ताई तिशीत विधवा झाली आणि भाची आठ वर्षांची होती.

पाच वर्षं तो तुरुंगात होता. तिथे पुस्तकं बांधायला शिकला. तिथेच, दर आठवड्याला येणाऱ्या एका म्हाताऱ्या प्रचारकाच्या तोंडून ऐकता ऐकता त्याने देवापुढे गुडघे टेकले. बाहेर आला तो दारूच्या थेंबालाही न शिवण्याची शपथ घेऊन, आणि ती त्याने पाळली. बाजारामागच्या एका जिन्याखाली त्याचं बांधणीचं दुकान होतं. दर रविवारी तो उपासनेला यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा आणि भाकर-द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाची वेळ आली की हळूच उठून बाहेर जायचा. मंडळीतली माणसं म्हणायची, "किती नम्र माणूस आहे!"

"दादा बरोबर बोलतोय," बारक्या म्हणाला. आवाज इतका खाली होता की वहिनीला पुढे वाकावं लागलं. "माझी लायकी नाही बाळा. तू हे मनात आणलंस तेच पुष्कळ झालं. दादाच उभा राहू दे."

दादाने सुटकेचा श्वास सोडला. "बघ. त्याचं त्याला कळतं. हा समजूतदारपणा आहे."

"मला नाही तसं वाटत," वहिनी म्हणाली.

दादा तिच्याकडे बघतच राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात वहिनी चारचौघांत त्याच्याविरुद्ध बोलली असेल ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा.

"तुम्ही माझ्याकडे असं बघू नका," ती म्हणाली. "पोरीने विचार करूनच म्हटलं असेल. कारण तरी विचारा."

भाचीने ताटं टेबलावर परत ठेवली. "कारण सांगते. मोठ्या मामा, तू मला पुष्कळ शिकवलंस. पाढे, व्याकरण, प्रार्थना. पण माझ्या मुलाने उद्या काही भयंकर चूक केली तर त्याने जायचं कुणाकडे? ज्याने कधीच काही केलं नाही त्याच्याकडे तो जाणार नाही. घाबरेल. जो खड्ड्यात पडून वर आला, त्याच्याकडे जाईल." मग ती बारक्याकडे वळली. "पण तू वर आलायस की नाही, हे आता मलाच कळेना झालंय, मामा."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि ती त्याला घेऊन आत गेली. दादाने वर्तमानपत्र उचललं आणि उलटं धरलं.

*

ताई या सगळ्या वेळात स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नव्हती. बारक्या उष्टी ताटं घेऊन आत गेला, कारण बाहेर बसवेना. ताई नळाखाली भांडी धूत होती. तिने मान न वळवता बाजूचं फडकं त्याच्याकडे फेकलं. तो पुसायला लागला.

"ताई, मी नाही म्हटलंय," तो म्हणाला. "तू काळजी करू नको. तुला त्रास होईल असं मी काही करणार नाही."

ताईने नळ बंद केला.

"त्रास?" ती म्हणाली. "बारक्या, एक विचारू? तू दरवर्षी त्या तारखेला इथे येतोस. बरोबर चार वाजता. दारात उभा राहतोस. आत ये म्हटलं तरी येत नाहीस. 'ताई, मला माफ कर.' मी म्हणते, 'केलं रे.' मग तू रडतोस. मग मी तुला पाणी देते, पाठीवरून हात फिरवते, जिन्यापर्यंत सोडायला येते. असंच ना?"

"हो."

"नवरा माझा गेला, बारक्या. आणि त्या दिवशी समजूत मी तुझी काढते. सोळा वर्षं झाली."

बारक्या पुसलेलंच ताट परत पुसू लागला.

"त्या दिवशी मला त्यांची आठवण काढायची असते," ताई म्हणाली. "माझ्या मनासारखी. गाताना ते किती बेसूर व्हायचे, आणि तरी सगळ्यांत मोठ्याने गायचे, ते आठवून मला एकटीला हसायचं असतं. पण सकाळपासून डोक्यात एकच. चार वाजता बारक्या येणार. त्याला सांभाळायचंय."

"मला वाटलं," तो म्हणाला आणि थांबला.

"आणखी सांगते. पहिल्या वर्षी मी 'केलं' म्हणाले ते खोटं होतं. दुसऱ्या वर्षीही खोटं. तू तुरुंगातून वाळून आला होतास, तुला काय सांगणार? पण चौथ्या वर्षी एकदा औषधांच्या दुकानात कपाटं लावत होते. गोळ्यांची पाकिटं तारखेप्रमाणे लावता लावता एकदम लक्षात आलं, की तुझं नाव मनात आलं आणि छातीत काही आवळलं नाही. मी तिथेच शिडीवर बसले. मालकांना वाटलं चक्कर आली. त्या वर्षी तू आलास तेव्हा मी पहिल्यांदा खरं बोलले. 'केलं रे, बारक्या.' आणि तुला फरकच कळला नाही! तू तेवढंच रडलास. पुढच्या वर्षी परत हजर. म्हणजे माझा शब्द तुझ्या लेखी काहीच नाही?"

"तसं नाही गं, ताई."

"तसंच आहे. तू पदरात पडलेलं झटकून टाकतोस आणि लोक त्याला नम्रपणा म्हणतात. मी दिलं ते तू घेत नाहीस. देवाने दिलं तेही घेत नाहीस. त्याच्या मेजापासून उठून जातोस. त्याने तुला बोलावलं, आणि तू त्यालाच सांगतोस की तुझी निवड चुकली."

"मी लायक नाही, ताई. खरंच नाही."

"कोण आहे लायक? तो बाहेर बसलेला चिटणीस? त्याला वाटतं आपण लायक. तुला वाटतं आपण नालायक. दोघंही आपापल्या आरशासमोर उभे. जरा बाजूला सरा की रे, बाळाला दिसू दे."

हे ती इतक्या वैतागून बोलली की बारक्याला नको त्या वेळी हसू फुटलं. ताईलाही. दोघं ओट्याला टेकून हसले, आणि हसता हसता ताईच्या डोळ्यांना धार लागली. या वेळी मात्र पाणी बारक्याने दिलं. मग तो नुसता शेजारी उभा राहिला. ती त्याच्या खांद्याला डोकं लावून बराच वेळ रडली. ती अशी रडल्याचं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याने कधी जागाच सोडली नव्हती तिच्यासाठी.

*

दुपार कलली तेव्हा तो दुकानात आला. मंडळीची गीतपुस्तकं दुरुस्तीला आली होती. शेवटची बारा उरली होती. एकेकाचे सुटे झालेले पानांचे फर्मे जुळवायचे, दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं, पाठीला खळ लावून दाबाखाली ठेवायचं. हे काम त्याचे हात डोक्याला न विचारता करायचे. आज ते चुकत होते. एका पुस्तकाची पानं त्याने उलटी शिवली, उसवली, परत शिवली.

शेवटी त्याने दाभण खाली ठेवलं आणि प्रार्थना करायला डोळे मिटले. त्याची प्रार्थना ठरलेली होती. मी खुनी, मी दारुडा, मी तुझ्या नजरेसमोर उभा राहायला योग्य नाही. एकामागून एक. म्हणून झालं की जरा हलकं वाटायचं, आणि उद्या परत. आज तो पहिल्याच शब्दाशी अडखळला. शिडीवर बसलेल्या ताईचा चेहरा समोर आला. एका माणसाने खरोखर दिलेली क्षमा आपण बारा वर्षं दारातच पडू दिली, हे त्याला तेव्हा कळलं. हे पाप त्याच्या यादीत कधीच नव्हतं.

"बापा," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. बोलायचं नाही असंच त्याने ठरवलं. जिन्यावरून माणसं चढत होती, उतरत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. त्याला काही दर्शन घडलं नाही, आवाज ऐकू आला नाही. पण बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण आरोपीसारखे मान घालून बसलेलो नाही. घरी बसावं तसे बसलो आहोत.

त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि ताईच्या घरी परत गेला. दार भाचीनेच उघडलं.

"उभा राहतो मी," तो म्हणाला. "पण तुझ्या थोरल्या काकांना उद्या मीच सांगणार. आत जायच्या आधी. त्यांना ते बाकावर बसल्यावर कळता कामा नये."

"ते खूप बोलतील, मामा."

"बोलू देत. त्यांचा हक्क आहे."

भाचीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "आत येतोयस ना?"

तो आत आला आणि खुर्चीवर बसला. दादा समोरच होता. त्याने वर्तमानपत्राच्या वरून एकदा पाहिलं. "ठरवलंस तर," तो म्हणाला. "मला पटलेलं नाही, सांगून ठेवतो."

"माहीत आहे, दादा."

"माझा कोट तुला मोठा होईल." एवढं बोलून दादाने तोंड परत पेपरात घातलं. बारक्याला वाटलं, आवाज वाटतो तितका कडक नाही.

*

रविवारी सकाळी थोरले काका फाटकापाशी काठी टेकून उभे होते. भाऊजींचे थोरले भाऊ. आयुष्यभर नळजोडणीची कामं केलेला उंच, हाडापेराने मोठा माणूस, आता गुडघ्यांतून वाकलेला. कोर्टात निकाल लागला त्या दिवसानंतर बारक्या त्यांच्यासमोर आला नव्हता. तो चालत त्यांच्यापर्यंत गेला.

"थोरले, मी बारक्या."

"ओळखलं. तोंड विसरावं असं काम नव्हतं तुझं."

"तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आलो. बाळाचा धर्मपिता म्हणून आज मी उभा राहणार आहे."

काकांची काठी जमिनीवरून उचलली गेली. क्षणभर बारक्याला वाटलं, आता पाठीत बसणार.

"माझ्या भावाच्या नातवाला तू धरणार?" ते म्हणाले. "ह्याच हातांनी?"

बारक्याच्या गुडघ्यांना सवय होती. ते आपसूक वाकू लागले, पायावर लोळण घ्यायला. त्याने ते तिथेच रोखले. आज लोळण घेतली असती तर काकांनाच त्याला उठवावं लागलं असतं.

"ह्याच हातांनी," तो म्हणाला. "दुसरे नाहीत माझ्याकडे. स्विच ह्यांनीच टाकला. मी प्यालो होतो, हाक मारली नाही. त्यात नशीब नव्हतं, दुसऱ्या कुणाची चूक नव्हती. माझी होती."

"आणि तरी पुढे जाऊन उभा राहणार. लाज नाही वाटत?"

"वाटते. पण तिच्या मागे लपायचं आता बंद केलं. ज्या देवाने तुमच्या भावाला आपलं म्हटलं, त्यानेच मलाही म्हटलंय. मी चांगला होतो म्हणून नव्हे. त्याला वाटलं म्हणून. इतकी वर्षं मी त्यालाच खोटं पाडत होतो. मी त्याचा आहे, थोरले. म्हणून उभा राहतो. दुसरं काही कारण नाही माझ्याकडे."

"छान पाठ केलंयस."

"पाठ केलेलं विसरलो. हे आत्ताच सुचलं."

काकांच्या गालाची शीर उडाली. "मी तुला माफ केलेलं नाही."

"मी आज मागायला आलो नाही. ते तुमचं आहे. द्यावंसं वाटलं तर द्या, नाही वाटलं तर नका देऊ. मी कुठे पळत नाही."

मागून पावलं वाजली. दादा आला होता, त्याच त्या कोटात, बटणं न लावता. बारक्याला वाटलं आता हा काकांच्या बाजूने उभा राहणार. दादा काकांच्या शेजारी खरंच उभा राहिला.

"काल मीही हेच म्हणालो, थोरले," तो म्हणाला. "कुणी ऐकलं नाही. बायकोनेसुद्धा. चला, माझ्या शेजारी बसा. दोघं मिळून नाराज होऊ." आणि त्याने काकांच्या कोपराला आधार दिला. काकांनी तो झिडकारला नाही. जाता जाता दादाने बारक्याची कॉलर मागून नीट केली, लहानपणी शाळेत सोडताना करायचा तशी, आणि पुढे गेला.

उपासनेचं पहिलं गीत संपलं. पाळकांनी कुटुंबाला पुढे बोलावलं. शेवटच्या बाकापासून बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत तीसेक पावलं असतील. दोन्ही बाजूंची डोकी वळत होती. कुठेतरी कुजबुज झाली, आणि ती कुणी दाबली नाही. बारक्याने ती ऐकली आणि चालत राहिला. भाचीने बाळ त्याच्या हातात दिलं. बाळ गाढ झोपलं होतं, तोंड उघडं टाकून.

"या बाळासाठी कोण उभं राहतं?" पाळकांनी विचारलं.

"मी," बारक्या म्हणाला.

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. त्या जागेत त्याने कधी एवढ्या मोठ्याने काही म्हटलंच नव्हतं. बाळ दचकून जागं झालं आणि त्याच्याकडे टक लावून बघायला लागलं. पाळकांनी पुढचे प्रश्न विचारले. वाइटाकडे पाठ फिरवता का? या मुलाला देवाची वाट दाखवाल का? प्रत्येक प्रश्नाला बारक्याने उत्तर दिलं, न घाबरता आणि न ताठता. विचारणारा आपल्याला ओळखतो आणि ओळखूनच विचारतोय हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाने द्यावं तसं. मग बाळाच्या कपाळावर पाणी पडलं आणि पाळकांनी त्याचं नाव उच्चारलं. ते भाऊजींचं नाव होतं. ताईने ओठ घट्ट मिटले, आणि मग ती हसली. एकटीच, कशावर ते कुणाला न सांगता.

प्रभुभोजनाच्या वेळी बारक्या बाहेर गेला नाही. ताईच्या मागे रांगेत उभा राहिला, दोन्ही तळहात पुढे केले आणि दिलेलं घेतलं.

उपासना सुटल्यावर सगळे अंगणात जमले. बाळ अजून बारक्याकडेच होतं. भाची मुद्दामच घ्यायला येत नव्हती. गर्दीतून काठी वाजवत काका आले. माणसं आपोआप बाजूला सरली. काका समोर उभे राहिले, बाळाकडे पाहिलं, बारक्याकडे पाहिलं नाही. काठी जावयाच्या हातात दिली.

"दे इकडे."

"मान अजून नीट धरत नाही," बारक्या म्हणाला. "हात खालून..."

"मला शिकवू नकोस. चार वाढवलीत मी."

बाळ एका हातातून दुसऱ्या हातात देताना चार हात एकमेकांत अडकतातच. काकांची जाड, नळाच्या आट्यांनी घट्टे पडलेली बोटं त्याच्या बोटांवर आली, क्षणभर तिथेच राहिली, आणि बाळ त्यांच्याकडे गेलं. काकांनी ते उजेडाकडे धरलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"नाक आमच्याकडचं आहे," ते म्हणाले.

"हो," बारक्या म्हणाला.

मग पहिल्यांदाच काकांनी मान वर करून सरळ बारक्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कान मात्र तुमच्याकडचे," ते म्हणाले. "बिचारा."